चिन्नोर घरी खायचा आणि विकायचा दुसरा? इथेच आपला धंदा अडतो



मागच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला होता. "मॅडम, आमच्या भागात काही खास नाही. फक्त धान होतो. धानात काय धंदा करणार?" उत्तर कमेंटमध्ये मावणारं नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते. चहा घेऊन बसा, कारण मधे थोडा हिशेबही आहे.

सानगडीला बचत गटाच्या महिलांचं आणि काही तरुण मुलांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. साकोली तालुक्यातलं हे गाव. किल्ला, तलाव आणि नजर जाईल तिकडे धानाच्या बांध्या. दुपारी सगळ्यांनी आपापले डबे उघडले. एका ताईंच्या डब्यातल्या साध्या पांढऱ्या भाताचा वास खोलीभर पसरला. वर फोडणी नव्हती की तूप नव्हतं. मी विचारलं, "ताई, हा कोणता तांदूळ?" त्या म्हणाल्या, "चिन्नोर. हा घरी खायाचा हाय जी मॅडम. इकाचा दुसरा."

सगळे हसले. मीही हसले. पण परतीच्या प्रवासात तेच वाक्य डोक्यात घोळत राहिलं. आपल्याकडची सगळ्यात चांगली वस्तू आपण घरी खातो आणि सगळ्यात साधी वस्तू विकायला नेतो. वर तक्रार करतो की भाव मिळत नाही.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते. दुर्मिळ देशी वाण वाचेल तो त्याच्या नावाला मिळणाऱ्या पैशामुळे. "परंपरा जपा" असं भाषण करून तो वाचणार नाही. आणि तो पैसा शेतकऱ्याच्या घरात यायचा असेल तर बियाणं, गिरणी आणि पिशवीवरचं नाव या तिन्ही गोष्टी एकाच घराच्या किंवा एकाच गटाच्या हातात असायला हव्यात. एक जरी हातातून सुटली, तर मेहनत तुमची आणि कमाई दुसऱ्याची.

एका द्राक्षाची गोष्ट

आधी जरा लांब जाऊ, इटलीत. तिथल्या पिडमाँट भागात तोर्तोना नावाचं गाव आहे. त्याच्या आसपासच्या टेकड्यांवर पूर्वी तिमोरासो नावाचं पांढरं द्राक्ष व्हायचं. द्राक्ष चांगलं, पण नखरेल. एका वर्षी भरपूर लागायचं, दुसऱ्या वर्षी हात आखडायचं. मग कोर्तेसे नावाच्या दुसऱ्या द्राक्षाला मागणी आली. ते जास्त पिकायचं आणि दरवर्षी हमखास पिकायचं. शेतकऱ्यांनी तिमोरासोच्या वेली उपटून कोर्तेसे लावलं. यात त्यांची चूक नव्हती, पोट सगळ्यांनाच आहे. काही वर्षांत तिमोरासो जवळजवळ संपलं.

तिथेच माँलेआले गावात वॉल्टर मासा नावाचा माणूस आपल्या घरच्या द्राक्षमळ्यात काम करत होता. घरचा धंदा वाइनचाच. उरलेल्या मोजक्या वेलींची द्राक्षं इतर द्राक्षांत मिसळायची असा रिवाज होता. त्याने ती वेगळी काढली, त्यांची वेगळी वाइन केली आणि बाटलीवर तिमोरासो हे नाव लावून ती विकली. ही 1987 च्या हंगामाची गोष्ट. सुरुवातीला लोकांना नावच माहीत नव्हतं. तो थांबला नाही. शेजाऱ्यांनाही त्याने हे द्राक्ष पुन्हा लावायला तयार केलं. पुढे सगळ्यांनी मिळून देर्थोना हे नाव पुढे आणलं. तोर्तोना गावाचं ते जुनं रोमन काळातलं नाव. आज बारोलोसारख्या नामांकित भागातल्या मोठ्या वायनरी तिथे येऊन जमिनी घेतात आणि तेच द्राक्ष लावतात.

स्पेनमध्येही असंच एक घराणं आहे, तोरेस. पिढ्यानपिढ्या वाइन करणारं. 1980 च्या दशकात त्यांनी स्थानिक वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. तुमच्या शेतात ओळख न पटणारी जुनी द्राक्षवेल असेल तर आम्हाला कळवा, असं शेतकऱ्यांना सांगितलं. त्यातून विसरलेले वाण सापडत गेले आणि त्यांच्यापासून वाइन तयार झाल्या.

आता तुम्ही म्हणाल, मॅडम, आमच्या सानगडीत द्राक्ष कुठे? बरोबर. आणि आपल्या नाशिकच्या वाइनमध्येही शेनिन ब्लां, शिराझ असे बाहेरून आणलेले वाणच मुख्य आहेत. आपल्या झाडीपट्टीत द्राक्ष नाही, धान आहे. पण गोष्ट तीच आहे. तिमोरासोच्या जागी चिन्नोर ठेवा, दुबराज ठेवा, लुचई ठेवा, हिरानक्की ठेवा. आणि कोर्तेसेच्या जागी तुमच्या खरेदी केंद्रावर जाणारा जाड धान ठेवा. चित्र जुळतं की नाही बघा.

मासाने नेमकं काय केलं ते नीट बघा. त्याने नवं द्राक्ष शोधलं नाही. जे इतरांत मिसळलं जात होतं ते त्याने वेगळं काढलं, वेगळं ठेवलं आणि त्याच्या नावाने विकलं. या तीन कामांना मोठं भांडवल लागत नाही. चिकाटी लागते.

आणि आपल्या मातीतली गोष्ट

दुसरी गोष्ट आपल्या शेजारच्या जिल्ह्यातली आहे. ती ऐकताना अभिमानही वाटतो आणि वाईटही वाटतं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातलं नांदेड गाव. तिथले दादाजी खोब्रागडे. शाळा तिसरीपर्यंत, जमीन दीड एकराच्या आसपास. 1983 मध्ये पटेल-3 या वाणाच्या धानात त्यांना काही वेगळ्या लोंबी दिसल्या. त्यांनी त्या बाजूला ठेवल्या, पुढच्या वर्षी पेरल्या, पुन्हा निवडल्या. असं वर्षानुवर्षं करून बारीक दाण्याचा एक सुंदर वाण तयार झाला. त्या काळात घड्याळ म्हणजे एचएमटी. व्यापाऱ्यांनी त्या धानाला तेच नाव दिलं. आज देशभर ज्या एचएमटी तांदळाची पोती विकली जातात, त्याची सुरुवात ही.

1994 मध्ये कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणं नेलं आणि 1998 मध्ये पीकेव्ही-एचएमटी हा वाण आला. दादाजींना त्याचं श्रेय आणि मोबदला मिळाला नाही, हा वाद पुढे कितीतरी वर्षं चालला. विद्यापीठाचं म्हणणं होतं की आम्ही वाण शुद्ध केला. 2005 मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा सन्मान त्यांना राष्ट्रपती कलाम यांच्या हस्ते मिळाला. 2010 मध्ये फोर्ब्सने ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं. नांदेड चिन्नोर, डीआरके असे आणखीही वाण त्यांनी काढले. पण 3 जून 2018 ला ते गेले, तेव्हा त्यांच्या घरची परिस्थिती हलाखीचीच होती.

ही गोष्ट मी प्रशिक्षणात सांगते तेव्हा कोणीतरी लगेच म्हणतं, "बघा, गरिबाला कोणी विचारत नाही." खरं आहे. पण आपण इथे धंदा शिकायला आलोय, म्हणून मी पुढचा प्रश्न विचारते. पैसा नेमका कुठे सुटला? बियाणं दादाजींच्या हातात होतं. तांदूळ काढणारी गिरणी दुसऱ्याची. पोत्यावरचं नाव तिसऱ्याचं. नावही असं की ते ऐकून नांदेड गाव आठवत नाही, दादाजी तर नाहीच नाही. एवढ्या मोठ्या माणसाला त्या काळात हे सांभाळायला कोणाची साथ नव्हती. तुमच्याकडे आज फोन आहे, गट आहे आणि कायदाही आहे. तीच चूक आपण पुन्हा केली तर मात्र दोष आपला.

कायद्याचं थोडक्यात सांगते. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, 2001. या कायद्याखाली शेतकऱ्याने जपलेला किंवा काढलेला वाण त्याच्या नावाने नोंदवता येतो. शेतकऱ्याला स्वतःचं बियाणं राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि विकण्याचाही हक्क आहे. फक्त संरक्षित वाणाचं बियाणं ब्रँड लावून विकता येत नाही. तुमच्या घरात आजीच्या काळापासून चालत आलेलं वेगळं बियाणं असेल तर कृषी विज्ञान केंद्रात जाऊन या नोंदणीबद्दल विचारा. साकोलीला धानाचं कृषी संशोधन केंद्रही आहे. तिथे जायला लाजू नका.

आता हिशेब करू

भावनेवर धंदा चालत नाही, म्हणून कागद घ्या. खालचे उत्पादनाचे आणि खर्चाचे आकडे मी फक्त उदाहरणासाठी धरलेत. तुमच्या बांधीचे आकडे तुम्ही टाका.

धरा एक एकर. साधा जाड धान एकरी 20 क्विंटल. चिन्नोर उंच वाढतो, वेळ जास्त घेतो, युरिया जास्त झाला की लोळतो. त्याचे धरा 10 क्विंटल.

2025-26 च्या खरिपासाठी साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला 2,369 रुपये आहे, अ दर्जाची 2,389. फरक फक्त 20 रुपयांचा! केंद्रावर वासाला भाव नाही. तिथे वजन आणि ओलावा बघतात. त्यात केंद्राचा दोष नाही, ती व्यवस्था पोटाला लागणाऱ्या धान्यासाठी बनलेली आहे.

साधा धान: 20 क्विंटल × 2,369 = 47,380 रुपये.
चिन्नोर त्याच केंद्रावर: 10 क्विंटल × 2,369 = 23,690 रुपये. म्हणजे निम्मे.

म्हणून त्या ताई "इकाचा दुसरा" म्हणाल्या. त्यांचा हिशेब अगदी बरोबर आहे.

आता चिन्नोर तांदूळ करून विका. 10 क्विंटल धानातून अख्खा तांदूळ 60 टक्के धरू, म्हणजे 600 किलो. भरडाई, पिशवी, वाहतूक मिळून किलोमागे 15 रुपये खर्च धरा, म्हणजे 9,000 रुपये.

व्यापाऱ्याला 60 रुपयांनी दिला तर 36,000, खर्च वजा जाता 27,000 उरले. साध्या धानापेक्षा 20 हजारांनी कमी.
90 रुपयांनी विकला तर 54,000, खर्च वजा जाता 45,000. अजूनही थोडं कमीच!
120 रुपयांनी विकला तर 72,000, खर्च वजा जाता 63,000. आता साध्या धानापेक्षा 15 हजारांहून जास्त.

बरोबरीचा आकडा किती? साधारण 94 रुपये किलो. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा (म्हणजे तुमच्या हिशेबाने जो येईल तो). त्याच्या खाली विकलात तर घरचे पैसे घालून तुम्ही परंपरा जपताय. ते पुण्याचं काम असेल, पण धंदा नाही. दोन-तीन वर्षांत तुम्ही थकाल आणि तो वाण तुमच्या बांधीतूनही जाईल. देशी वाण महाग विकायला ज्यांना संकोच वाटतो, त्यांना मी हेच सांगते. तो स्वस्त विकणं हाच त्याला संपवायचा मार्ग आहे.

कोंडा आणि कनकी मी यात धरली नाही. ती तुमची वरकमाई.

आता याच हिशेबातली सगळ्यात महत्त्वाची ओळ. 600 किलो तांदूळ म्हणजे 5 किलोच्या 120 पिशव्या. एका कुटुंबाने वर्षात 4 पिशव्या घेतल्या तर किती कुटुंबं लागतील? फक्त 30. मोठं मार्केट नको, मॉल नको, निर्यात नको. नागपूर, पुणे, भिलाईला राहणारे तुमच्या गावचे लोक मोजा. दिवाळीनंतर मंडईला गावोगावी पाहुणे येतात, रात्रभर दंडार आणि नाटकं होतात. त्यातल्या प्रत्येक घरी एकदा तुमचा भात शिजला, तर तीस कुटुंबं मिळणार नाहीत का? प्रामाणिकपणे सांगा.

मानांकन मिळालं, आता काय?

काही जण म्हणतील, मॅडम, आता तर भौगोलिक मानांकन आहे, आपोआप भाव मिळेल. शेजारच्या बालाघाटच्या चिन्नोरला 2021 मध्ये मानांकन मिळालं. भंडाऱ्याचा चिन्नोरही आता मानांकनाच्या यादीत आहे. आपल्या विदर्भात भिवापूरची मिरची आणि वायगावची हळद आधीपासून आहेत. चांगली गोष्ट आहे.

पण माझं मत थोडं वेगळं आहे. मानांकन म्हणजे कुंपण, पीक नव्हे. दुसऱ्या भागातल्या माणसाला तुमचं नाव वापरता येऊ नये, एवढं काम ते करतं. ग्राहक आणून देत नाही. शिवाय मानांकन एका माणसाचं नसतं, त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचं असतं. ते वापरायला तुम्हाला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी करावी लागते. किती जणांनी केली? प्रशिक्षणात मी हा प्रश्न विचारला तेव्हा एकही हात वर झाला नाही.

म्हणून पिशवीवर दोन नावं हवीत. एक, वाणाचं: चिन्नोर. ते सगळ्यांचं आहे, त्यावर तुम्हाला मालकी सांगता येणार नाही आणि सांगूही नये. दुसरं, तुमच्या घराचं किंवा गटाचं. ते फक्त तुमचं, आणि त्याचा ट्रेडमार्क घेता येतो. तांदूळ वर्ग 30 मध्ये येतो. व्यक्ती आणि छोट्या उद्योगासाठी ऑनलाइन अर्जाची सरकारी फी 4,500 रुपये आहे. पहिल्या वर्षीच काढा असं मी म्हणत नाही, पण नाव पहिल्या वर्षीच ठरवा आणि मग बदलू नका. ग्राहक चिन्नोर म्हणून एकदा घेतो. तुमचं नाव आठवून दुसऱ्यांदा घेतो.

"हे म्हणजे गरिबाचं ताट श्रीमंताला विकणं"

सानगडीच्याच प्रशिक्षणात एका मुलाने हा आक्षेप घेतला. मला तो आवडला, कारण प्रश्न खरा आहे. तो म्हणाला, "सर्वांनी चिन्नोर विकायला काढला तर घरी काय खाणार? रेशनचा?"

मी त्याला म्हणाले, घरचा भाग आधी काढून ठेव, विकण्याचं नंतर बघ. हा नियम मोडायचा नाही. आणि उलट बाजूही बघ. आज घरखाऊ म्हणून अर्धी बांधी चिन्नोर लागतो, तोही आजी आहे तोवर. पुढची पिढी नोकरीसाठी बाहेर गेली की पहिल्यांदा काय बंद होतं? ती अर्धी बांधी. कारण कमी पिकणाऱ्या वाणासाठी कोण खपणार? बियाणं संपलं की घरी खायलाही उरत नाही. विक्रीमुळे निदान ती बांधी पेरली तरी जाईल.

तरीही त्याचा अर्धा मुद्दा मला मान्य आहे. सगळी शेती चिन्नोरची करू नका. एका एकरापासून सुरुवात करा, बाकी शेतात जे लावता ते लावा. आधारभूत किमतीचा धान ही तुमची सुरक्षितता आहे. ती सोडून देशी वाणाच्या मागे धावा असं सांगणारा सल्लागार भेटला, तर त्याला आधी त्याची स्वतःची शेती दाखवायला सांगा.

या हंगामात काय करायचं

1. बियाणं स्वतः निवडा. धान स्वपरागी पीक आहे. त्यामुळे वाण शुद्ध ठेवणं आपल्याला सोपं आहे. दुसऱ्या वाणापासून 3 मीटर अंतर ठेवा. लोंबी निघताना आणि कापणीआधी बांधीत फिरून उंची, रंग, दाणा वेगळा दिसेल ते झाड उपटा. चांगल्या लोंबी वेगळ्या कापून पुढच्या वर्षाचं बियाणं काढा. हे काम घरातल्या बायका सगळ्यात चांगलं करतात, कारण निवडण्याची नजर त्यांच्याकडे असते. मग नफ्यातही त्यांचं नाव असू द्या.

2. गिरणीवर उभे राहा. सगळ्यात जास्त भेसळ इथे होते, आणि बहुतेक वेळा मुद्दाम होत नाही. आधीच्या माणसाचा धान मशीनमध्ये राहिलेला असतो. गिरणीवाल्या भाऊंना सांगून सकाळचा पहिला नंबर घ्या, मशीन झाडून घ्या, पहिले काही किलो बाजूला काढा. पॉलिश कमी करा. मळणीलाही हाच नियम, आधी यंत्र साफ.

3. धान साठवा, तांदूळ लागेल तसा काढा. सुवासिक तांदळाचा वास भरडल्यानंतर हळूहळू उडतो. धानाच्या रूपात तो जास्त टिकतो. म्हणून 600 किलो एकदम भरडू नका. दर महिन्याला ऑर्डरप्रमाणे काढा आणि पिशवीवर भरडाईची तारीख टाका. मोठ्या कंपनीला हे जमत नाही, तुम्हाला जमतं. हीच तुमची ताकद.

4. कागद पूर्ण करा. एफएसएसएआयची मूलभूत नोंदणी करा, ती छोट्या उद्योजकाला परवडणारी आहे. पिशवीवर निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख, नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन नंबर हवा. जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पिशवीतल्या तांदळावर 5 टक्के जीएसटी आहे. एका एकराच्या उलाढालीत तुम्हाला बहुधा जीएसटी नोंदणीची गरज पडणार नाही, पण वाढताना हे लक्षात ठेवा.

5. सबसिडी शेवटी. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत अनुदान देण्यात आलं आहे. चांगली योजना आहे, तुमच्या वेळी ती चालू आहे का ते कृषी कार्यालयात विचारा. पण क्रम बघा. मी अशी युनिट पाहिली आहेत जिथे अनुदानातून आलेलं मशीन प्लास्टिक न काढता उभं आहे, कारण विकायचं कोणाला हे ठरलंच नव्हतं. आधी 30 कुटुंबं, मग 100. मशीन त्यानंतर.

6. खोटं बोलू नका. "डायबेटिस बरा करणारा तांदूळ", "शंभर टक्के सेंद्रिय" असं काहीही लिहू नका, जे तुम्ही सिद्ध करू शकत नाही. तुमच्या भातात वास आहे, दाणा बारीक आहे, तो कोणत्या गावच्या कोणत्या बांधीतला आहे ते तुम्ही सांगू शकता. एवढं खरं पुरेसं आहे.

शेवटचं

वॉल्टर मासाची एक गोष्ट मला फार मोठी वाटते. द्राक्ष चालायला लागल्यावर त्याने ते लपवून ठेवलं नाही. शेजाऱ्यांनी लावलं म्हणून त्या भागाला नाव मिळालं. एकट्या माणसाची बाटली कुतूहल म्हणून विकली जाते. बाजार त्याला मिळतो जिथे दहा घरं तीच वस्तू तितक्याच प्रामाणिकपणे करतात. त्यामुळे सानगडीतल्या एका ताईंनी सुरुवात केली आणि शेजारणीने बियाणं मागितलं, तर द्या. आपल्याकडे बियाणं देण्याची रीत जुनीच आहे. फक्त शेजारणीलाही 94 चा हिशेब शिकवा, नाहीतर ती 70 ने विकेल आणि दोघी बुडाल.

आणि दादाजींसारखी माणसं आपल्या भागात पुन्हा होतील. झाली असतीलही, कुठल्यातरी बांधीत वाकून वेगळी लोंबी बघत असतील. त्यांच्या धानाला या वेळी घड्याळाचं नाव मिळू नये, त्यांचं स्वतःचं मिळावं.

त्या ताईंचा परवा फोन आला होता. म्हणाल्या, "मॅडम, पुढच्या रोवणीले एक बांधी जास्त लावतो जी." मी विचारलं, "विकायला?" त्या थोडं थांबून म्हणाल्या, "आधी नागपूरच्या नणंदेले धाडून पाहतो. पैसे घेईन मात्र."

तीसपैकी पहिलं कुटुंब मिळालं. तुमचं पहिलं कुटुंब कोणतं? त्या घराचं आडनाव आणि तुमच्या वाणाचं नाव एका कागदावर लिहा, आणि पुढच्या व्हिडिओच्या आधी त्यांना एक किलो तांदूळ द्या. फुकट नाही. विकत.

भेटूया पुढच्या वेळी. तोवर घरातल्या डब्यात काय आहे ते एकदा वास घेऊन बघा.